चांदभाई पुस्तकातून शिकतात

ज्या माणसाच्या पावावर अर्ध्या शिरूरची न्याहारी व्हायची, त्यानं पासष्टाव्या वर्षी घरगुती केकचं पुस्तक विकत घेतलं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर बाजारपेठेला महिनाभर हसायला विषय मिळाला असता. चांदभाईंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून स्टँडासमोरच्या दुकानात त्यांनी पुस्तक पालथं करून गल्ल्यावर ठेवलं. दुकानदारानं विचारलं, "सुनंला का, चाचा?" तर "व्हय" म्हणून मोकळे झाले. सून कुठली, त्यांना मुलगाच नव्हता.

मुलगी एकच, शिरीन. ती दौंडला दिलेली, जावई इम्तियाज रेल्वेत. बायको खुर्शिद सहा वर्षांपूर्वी वारली आणि तिच्यामागोमाग बेकरीही गेली. जागा भाड्याची होती. मालकानं ती विकली आणि घेणाऱ्यानं चाळीस वर्षांची भट्टी एका सकाळीत पाडली. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. राहिलं दोन खोल्यांचं घर आणि त्यात चांदभाई. सकाळी उठून ते स्टँडवर जायचे आणि बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. कुणी वेळ विचारायचं, कुणी रांजणगावची गाडी गेली का म्हणून विचारायचं, तेवढंच बोलणं व्हायचं. ज्याला चाळीस वर्षं बोलायला फुरसत नव्हती, त्याला आता बोलायला माणूस नव्हतं.

त्याच बाकावर त्यांना ते कळलं. दौंडच्या गाडीतून एक बाई उतरली. काखेत पोर, खांद्याला पिशवी आणि हातात एक पांढरा चौकोनी खोका. "चाचा, जरा धरता का? आडवा करू नका, केक हाय," म्हणत तिनं खोका चांदभाईंच्या मांडीवर दिला. खोक्यावर छापील चिठ्ठी होती : 'शिरीन, घरगुती केक, दौंड'. खाली फोन नंबर. चांदभाईंना वाचायला चष्मा लागतो, पण हा नंबर त्यांना डोळे मिटूनही सांगता आला असता. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते तोच नंबर लावत. "कशी हायेस?" "बरी हाय. तुम्ही जेवला का?" "जेवलो. काय चाललंय?" "काय न्हाई, घरकाम." दोन मिनिटांत फोन संपायचा.

"ही बाई कवापासून करती केक?" त्यांनी विचारलं.

"झाली की चार वर्षं. लई नाव हाय दौंडात. आठ दिस आधी सांगावं लागतंय."

"कुणाकडं शिकली?"

"कुणाकडं न्हाई म्हणं. पुस्तकातनं शिकली. घरात कुणी ह्या लायनीतलं असतं तर सोपं गेलं असतं, असं एकदा म्हणाली व्हती."

बाई खोका घेऊन निघून गेली. चांदभाई बाकावरच बसले. पुढच्या दोन-तीन गाड्या कुठं गेल्या ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता शिरीननं असं का म्हणावं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरगी उगाच कठोर वाटेल. लहानपणापासून ती बेकरीच्या पुढच्या बाजूला, गल्ल्याशी बसायची. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या बायका नानकटाईचं पीठ घरी मळून, ताटात वळून भाजायला आणायच्या. ताटं एकसारखी, म्हणून कुणाचं कुठलं ते कळायला शिरीन प्रत्येकात नावाची चिठ्ठी ठेवायची. पण तिची हद्द आतल्या दारापर्यंत. दाराच्या पलीकडं भट्टी, आणि भट्टीपाशी पुरुष. बारावी झाल्यावर ती एक दिवस ते दार ओलांडून आत आली आणि म्हणाली, "अब्बा, मला शिकवा. मी बघते बेकरी." कामगार उभे होते. चांदभाई हसले. नुसते हसले नाहीत, कामगारांकडं बघून हसले, म्हणजे तेही हसले. "भट्टी पोरीबाळींचं काम न्हाई. जा, अम्मीला भाकरीला मदत कर." आणि सगळी विद्या दिली ती पुतण्याला, सद्दामला. तो तीन वर्षांत सगळं शिकला, आणि पुण्याला मोठ्या बेकरीत नोकरी लागली तेव्हा निरोप घ्यायलाही आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शिरीननं पुढं तो विषय कधी काढला नाही. चांदभाईंना वाटलं, विसरली. बापांना असं वाटतं, कारण ते सोयीचं असतं.

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. शिरीननं आपल्या तोंडानं सांगावं, अब्बा, मी केक करते, या एकदा बघायला. पण विचारायचं कुठल्या तोंडानं? फोनवर दोनदा विषय ओठापर्यंत आला आणि "दुधाची गाडी आली का तिकडं?" असलं काहीतरी विचारून त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं, की ती ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं आपण जायचं. पुस्तकातून शिकायचं, पहिल्यापासून, आणि मग हातात काहीतरी घेऊन तिच्या दारात उभं राहायचं. दुकानात त्या विषयाचं एकच पुस्तक होतं, दहावीच्या गाइडांच्या मागं धूळ खात पडलेलं. एक्केचाळीस कृती. लिहिणारी पुण्याकडची कुणी बाई. चांदभाई तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले आणि पहिल्या दिवसापासून तिच्याशी भांडू लागले.

पहिलं भांडण मापावरून झालं. बाई लिहिते, मैदा दीड कप. "मापाला कप? च्या प्यायचाय का?" चांदभाई भिंतीला म्हणाले. त्यांच्या हातात पन्नास किलोचं पोतं. मूठभर मीठ, ओंजळभर साखर, बाकी हाताला कळतं. दीड कप मैदा परातीत इतका केविलवाणा दिसला की त्यांनी आणखी तीन कप ओतला, मग अंडी वाढवली, मग साखर, आणि शेवटी नव्यानं आणलेल्या छोट्या ओव्हनच्या दारातून आत जाईना एवढा घाणा तयार झाला. अर्धा भाजला, अर्धा नाल्याकाठच्या कुत्र्यांनी खाल्ला.

ओव्हनशी तर त्यांचं पटेच ना. भट्टी तापली का ते बघायला ते मैद्याची चिमूट आत फेकत आणि दहा आकडे मोजत; चिमूट गुलाबी झाली की माल आत. इथं चिमूट फेकली ती लाल सळीवर पडली, जळली आणि खोलीभर धूर झाला. बाई लिहिते, मध्ये दार उघडू नका. पण भट्टीत माल टाकून हात बांधून बसलेला भट्टीवाला कुणी पाहिलाय? आतल्या बाजूची आग तेज, म्हणून ताटं सारखी पुढं-मागं करावी लागतात. चांदभाईंनी चार केक दार उघडून बसवले, तेव्हा कुठं पाचव्याला हात आवरला.

आणि तिथंच खरी अडचण सुरू झाली. केक आत गेला की चाळीस मिनिटं करायला काही नाही. बेकरीत त्या वेळात आरडाओरडा असायचा, कुणी गाणं म्हणायचं, कुणी शिवी द्यायचं, दारात सायकलवाले पाववाले भांडायचे. इथं ओव्हनचं घड्याळ टकटक करायचं, बस. चांदभाई समोर स्टुलावर बसून काचेतून आत बघत राहायचे. त्या चाळीस मिनिटांत त्यांना खुर्शिदची जेवढी आठवण आली तेवढी ती गेल्यानंतरच्या सहा वर्षांत आली नव्हती. वर बाई प्रत्येक कृतीच्या शेवटी लिहायची, 'चार जणांसाठी पुरेल'. हे वाचून त्यांना बाईचा राग यायचा.

चारांतला एक वाटा शेजारच्या झुंबरबाईंना जाऊ लागला. झुंबरबाई कवठे येमाईकडच्या. सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता त्या शिरूरच्या बाजारात भाजी विकतात. जिभेला हाड नाही, पण मनात काही नाही.

"अंडं घातलंय का?"

"घातलंय."

"मंग ठिवा. आज बिस्तरवार हाय, उद्या खाईन." आणि दुसऱ्या दिवशी ताटली परत देताना, "ग्वाड हाय, पर घशात बसतंय. माझ्या म्हशीला घातलं तर पाणी मागंल."

असा निकाल लागायचा. चांदभाईंना तो गोड वाटायचा, कारण निकाल द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

कृती ते क्रमानं करत. एक नीट उतरल्याशिवाय दुसरीचं पान उलटायचं नाही. सातवीपर्यंतच्या शाळेत गुरुजींनी धडे असेच घेतले होते, दुसरी पद्धत त्यांना माहीत नव्हती. एकेक कृती चार-चारदा व्हायची. असं करत पाच महिन्यांनी तेविसावी आली. तेविसावी होती नानकटाई.

चांदभाई पान बघून मोठ्यानं हसले. "ही मला नानकटाई शिकवणार!" त्यांनी पुस्तक मिटून फळीवर टाकलं. बाई म्हणते खाण्याचा सोडा. चांदभाईंनी माळ्यावरच्या डब्यातून बेकरीतला उरलेला अमोनिया काढला. बेकरीवाले बिस्किटं फुलायला तो चिमूटभर घालतातच. भट्टीच्या आगीत त्याचा वास धुराड्यातून निघून जातो, खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण ओव्हनला धुराडं नसतं, हे या चाळीस वर्षांच्या उस्तादाच्या ध्यानात आलं नाही. दहा मिनिटांत घरात डोळे उघडवेनात. ते खोकत बाहेर ओट्यावर आले. पलीकडून झुंबरबाई पदर नाकाला लावून ओरडल्या, "चांदभाई, काय मेलं का काय घरात?"

नानकटाई दिसायला देखणी झाली होती. खाता येत नव्हती.

संध्याकाळी त्यांनी पुस्तक फळीवरून काढलं, मैदा झटकला आणि तेविसावी कृती पुन्हा वाचली, शब्दाला बोट लावून. आणि वाचता वाचता त्यांना शिरीन दिसली. दौंडच्या घरात, एकटी, असाच जळका घाणा पुढ्यात घेऊन बसलेली. तिचंही असंच बसलं असेल, करपलं असेल, फुटलं असेल, आणि कुठं चुकलं ते सांगायला कुणी नसेल. विचारायला बाप होता, दीड-दोन तासांच्या गाडीवर. तिनं पुस्तकाला विचारलं. चांदभाईंनी चष्मा काढला आणि पालथ्या मुठीनं डोळे पुसले. अमोनियाचा वास तोवर गेला होता, त्यामुळं त्याच्यावर ढकलायची सोय नव्हती.

त्यानंतर त्यांनी बाईशी भांडण सोडलं. कप म्हटलं की कप, चमचा म्हटलं की चमचा. छत्तिसावी कृती होती खजूर-अक्रोडाचा साधा केक. तो दुसऱ्याच खेपेला असा उतरला की झुंबरबाईंनी ताटली परत देताना नाव ठेवायला जागा शोधली आणि त्यांना ती सापडेना. मग म्हणाल्या, "लेकीला नेऊन द्या की. मला कशाला घालताय रोज?"

तिसऱ्यांदा केला, स्टीलच्या डब्यात भरला आणि मंगळवारी दुपारच्या दौंड गाडीत चांदभाई डबा मांडीवर घेऊन बसले. न्हावऱ्याच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. प्रत्येक खड्ड्याला ते डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरत. शेजारचा माणूस म्हणाला, "चाचा, अंडी हायेत का काय?" ते म्हणाले, "तसंच काहीतरी."

दार शिरीननं उघडलं. अंगावर एप्रन, कोपरापर्यंत मैदा. बापाला बघून आधी तिचा चेहरा घाबरला. "काय झालं? तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. सहज आलो."

सहज ते पाच वर्षांत आले नव्हते. ती बाजूला झाली. आतल्या खोलीत मोठा ओव्हन, खोक्यांची चळत, फळीवर रंगांच्या बाटल्या. लपवायला आता वेळ नव्हता आणि तिनं लपवलंही नाही. "पाचला ऑर्डर जायची हाय. बसा, च्या टाकते," एवढंच म्हणाली.

चांदभाईंनी डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं. "मी केलाय."

शिरीननं केककडं बघितलं, मग बापाकडं. खोटं बोलत नाहीत ना, असं बघितलं. मग हात धुतले, बोटानं केक दाबून पाहिला, तुकडा मोडला, हुंगला, खाल्ला. माल तपासणाऱ्याचं ते खाणं होतं. आयुष्यात चांदभाईंनी कुणाला माल दाखवताना असा श्वास धरला नव्हता.

"मधल्या खणात ठिवला का खालच्या?"

"मधल्या."

"वरून कोरडा झालाय. दहा डिग्रीनं कमी ठेवायचा काटा. खजूर मातर बरोबर भिजलाय." तिनं दुसरा तुकडा मोडला. "कुठं शिकला?"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. तुपाचे डाग, कोपरे दुमडलेले. शिरीन ते बघून थांबली. मग फळीवरच्या डब्यामागं हात घालून तिनं आपलं काढलं. तेच पुस्तक. तिच्या पुस्तकाची पाठ तर पार सुटली होती, दोऱ्यानं शिवली होती.

मग पाऊण तास बाप-लेक बोलले. सतराव्या कृतीत दूध दुप्पट छापलंय, ते तिला तीन केक फुकट गेल्यावर कळलं होतं. चांदभाईंचे चार गेले होते. "मंग मी तुमच्यापेक्षा हुशार," ती म्हणाली आणि हसली. नवव्या कृतीला दोघांनीही बाईला शिव्या घातल्या होत्या. दोन मिनिटांच्या फोनांची सगळी वर्षं जणू त्या पाऊण तासात भरून निघाली. चांदभाईंना वाटलं, आता बोलावं. "शिरीन, तवा मी भट्टीपाशी तुला—"

"अब्बा, ते राहू द्या." हसू लगेच गेलं. ती वळून क्रीम फेटायला लागली.

"मी काय करू? मैदा चाळू?"

"तुम्ही आराम करा."

चांदभाई खुर्चीवर बसले. मुलगी नळीतून क्रीमची फुलं काढत होती, एकेक पाकळी, हात जरा न हलता. त्यांनी शेकडो कामगारांचे हात पाहिले होते. असा हात एकही नव्हता. तो आपल्याकडं असता, हे त्यांच्या मनात आलं आणि ते खाली बघत बसून राहिले.

पाचच्या आधीच ऑर्डरवाल्या बाई आल्या. बँकेतल्या अनुपमा मॅडम. केक बघून खूश झाल्या. मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडं लक्ष गेलं.

"माझे वडील," शिरीन म्हणाली. "शिरूरला असतात. त्यांची बेकरी व्हती."

"अगं, मग बोलली नाहीस कधी! म्हणजे वडलांकडूनच शिकलीस. तरीच हात असा आहे."

शिरीन खोक्याला रिबीन बांधत होती. तिचा हात थांबला. मान खालीच होती. तिनं "व्हय" म्हटलं असतं तर बापाची लाज राहिली असती, आणि "न्हाई" म्हटलं असतं तर खरं बोलणं झालं असतं. तिच्याच्यानं दोन्ही होईना.

चांदभाई खुर्चीतून उठले.

"न्हाई मॅडम. माझ्याकडनं न्हाई. ही आली व्हती शिकायला. मी चार माणसांत हिला हसलो आन् घालवून दिलं. ही शिकली ती एकटी शिकली. माझं ह्याच्यात काय न्हाई."

अनुपमा मॅडमनी पर्समधून पैसे काढून ओट्यावर ठेवले. "छान, छान," म्हणत त्या खोका घेऊन गेल्या. खोलीत बाप-लेक राहिले. शिरीन ओटा पुसू लागली. स्वच्छ ओटा ती किती तरी वेळ पुसत होती.

"गाडी कितीला हाय?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"साडेपाच."

"मंग निघा. नंतरच्या गाडीला जागा मिळायची न्हाई."

राहा म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. ते चपला घालायला वाकले. तेव्हा ती दारात आली. डोळे लाल होते, आवाज मात्र कामाचाच होता.

"सदतिसावी केली का?"

"न्हाई. ती आता."

"ती करू नका. क्रीमची फुलं हायेत. ती पुस्तकात बघून येत न्हाईत, हात धरून दाखवावी लागतात." ती जराशी थांबली. "मी सांगीन तवा या."

याला आता सात आठवडे झाले. शुक्रवारी फोन होतो. कधी पाच मिनिटं, एकदा तर अकरा मिनिटं झाला. ऑर्डरी किती आल्या, क्रीम कशी पातळ झाली, सगळं ती सांगते. या, असं अजून म्हणालेली नाही. तेही विचारत नाहीत. एकदा तिला थांबवलं होतं, आता थांबायची पाळी आपली, एवढं त्यांना कळतं.

ओव्हन मात्र थंड आहे. अडतिसावी कृती पावाची आहे, एकोणचाळिसावी खारीची, दोन्ही त्यांना झोपेतसुद्धा करता येतील. पण क्रम मोडायचा नाही. परवा झुंबरबाईंनी कुंपणावरून विचारलं, "लई दिस झालं, ताटली न्हाई आली. सोडून दिलं व्हय?"

"सोडलं न्हाई," चांदभाई म्हणाले. "मास्तरीण बोलवंल तवा पुढचा धडा."